लहानांचं इंग्रजी वेगळं, मोठ्यांचं वेगळं

नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतच्या जवळ एका गावात मी इंग्रजीचा क्लास घेते, संध्याकाळी लहान मुलं असतात आणि रात्री जेवणं उरकून मोठी माणसं येतात, आणि या दोन्ही बॅचना शिकवता शिकवता एक गोष्ट मला इतकी स्पष्ट दिसायला लागलीये की आता लिहूनच टाकते. आपल्याकडे लहानांना जे द्यायला पाहिजे ते मोठ्यांना देतात आणि मोठ्यांना जे द्यायला पाहिजे ते लहानांच्या डोक्यावर टाकतात. पार उलटं चाललंय, आणि त्यामुळे दोघंही वर्षानुवर्षं इंग्रजी "शिकत" राहतात पण येत कुणालाच नाही.

म्हणजे बघा, माझ्याकडे तिसरी-चौथीतली मुलं येतात आणि त्यांच्या वहीत बारा टेन्सचा तक्ता असतो, सब्जेक्ट प्लस हॅड प्लस बीन प्लस व्हर्बला आयएनजी, लाल पेनानं चौकटी आखलेला, आणि पोरगं तो तक्ता न बघता घडाघडा म्हणून दाखवतं. पण त्याला तहान लागली तर "कॅन आय ड्रिंक वॉटर" एवढं विचारता येत नाही, ते मराठीतच विचारतं आणि वर घाबरून बघतं की मॅडम ओरडतील. आणि दुसरीकडे मोठ्यांचे स्पोकन इंग्लिशचे क्लास, तिथे पन्नाशीच्या माणसाला "मायसेल्फ अमुक अमुक, आय ॲम फ्रॉम नाशिक, माय हॉबी इज रीडिंग" असं पाठ करून घेतात, सगळ्यांनी मिळून माझ्यामागे म्हणा. ज्या माणसानं आयुष्यभर द्राक्षबाग सांभाळली, औषधांचं गणित केलं, बँकेचं कर्ज फेडलं, त्याला कारण सांगितलं की पटकन कळतं, त्याला नियम द्या ना. आणि आठ वर्षांच्या पोराला नियम देऊन काही उपयोग नसतो, त्याला भाषा कानावर पडायला पाहिजे, भरपूर पडायला पाहिजे आणि त्याला त्यात मजा यायला पाहिजे.

लहानांचं आधी सांगते.

लहान मुलांना सगळ्यात आधी हुकूम आवडतात. "टच द विंडो", "पुट युवर बॅग अंडर द बेंच", "स्टँड बिहाइंड युवर फ्रेंड" असं मी म्हणते आणि ती करतात, आधी मी स्वतः करून दाखवते, मग नुसतं बोलते, मग वेग वाढवते, मग काहीतरी भलतंच सांगते, "पुट युवर बॉटल ऑन युवर हेड", की सगळा वर्ग खिदळतो. जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात ही पद्धत नीट मांडली, ऐकायचं आणि अंगानं उत्तर द्यायचं, तोंड उघडायची सक्ती नाही. अंडर, ऑन, बिहाइंड, बिटवीन हे शब्द ज्यांना वहीत दहा वेळा लिहूनही लक्षात राहत नव्हते त्यांना ते दप्तर उचलून बेंचखाली ठेवताना आपोआप कळतात. आणि एक फार महत्त्वाचं, यात कच्चं मूलही चुकत नाही कारण शेजारचं काय करतंय ते बघून करता येतं, दोन-तीन फेऱ्यांनी त्याला बघावं लागत नाही.

ही तोंड न उघडण्याची गोष्ट पालकांना अजिबात सहन होत नाही. क्लास लावून महिना झाला, काहीतरी बोलून दाखव. पण मूल मराठीसुद्धा वर्षभर नुसतं ऐकतच होतं की, तेव्हा कुणी म्हटलं नाही बोलून दाखव. दुसऱ्या भाषेतही बऱ्याच मुलांचा असा एक काळ असतो, ती ऐकतात, समजतं, सांगितलेलं करतात, पण बोलत नाहीत, काहींचा तो आठवड्यांत संपतो काहींना महिने लागतात. त्या काळात त्याला पाहुण्यांसमोर उभं करून "चल इंग्लिशमध्ये बोल" म्हटलं की ते मूल अजून गप्प होतं. मी पालकांना हात जोडून सांगते की घरी काही विचारू नका, फक्त त्याच्यासोबत बसून इंग्रजी कार्टून बघा, त्याला विचारा की कोण काय करतंय, त्यानं मराठीत सांगितलं तरी चालेल, कारण इंग्रजी ऐकून मराठीत सांगतोय म्हणजे त्याला समजलंय, अजून काय पाहिजे.

आणि गोष्टी. गोष्टीसारखं दुसरं काही नाही. त्यातही जी गोष्ट मुलाला आधीच मराठीत पाठ आहे ती इंग्रजीत सांगायची. मी चिऊताई आणि कावळ्याची गोष्ट सांगते, कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं, पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं आणि तो चिमणीच्या दारात येतो. "स्पॅरो, स्पॅरो, ओपन द डोअर." आणि चिमणी काय म्हणते? "वेट, आय ॲम बेदिंग माय बेबी." कावळा परत दार वाजवतो, "वेट, आय ॲम ड्रेसिंग माय बेबी." परत, "वेट, आय ॲम फीडिंग माय बेबी." एव्हाना सगळा वर्ग माझ्याबरोबर म्हणायला लागलेला असतो, मग मी म्हणते आता चिमणी अजून काय काय करत असेल तुम्ही सांगा, आणि पोरं सांगतात, कोणी बाळाला झोपवतं, कोणी पावडर लावतं, कोणी मोबाईल दाखवतं. टीट लावण्याला इंग्रजीत काय म्हणायचं हा प्रश्न दर बॅचला येतो आणि दर बॅचला आम्ही "पुटिंग अ ब्लॅक डॉट" वर समाधान मानतो. तर सांगायचं काय, प्रेझेंट कंटिन्युअस नावाचा शब्द न उच्चारता त्या मुलांनी वीस वाक्यं त्या टेन्समध्ये केलेली असतात आणि तीही दार वाजवणाऱ्या कावळ्याला उत्तर म्हणून, परीक्षेतल्या रिकाम्या जागेला उत्तर म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी खेळताना एखादी पोरगी दुसरीला "वेट, आय ॲम टायिंग माय शू" म्हणते ना, तेव्हा मला जो आनंद होतो तो शब्दांत सांगता येणार नाही.

थोड्या मोठ्या मुलांना, म्हणजे सहावी-सातवीच्या, गोष्टींपेक्षा कोडी जास्त आवडतात, आणि इथे मला आपल्याच देशातल्या एका प्रयोगाचा फार उपयोग झाला. इंग्रजी शिकवण्याचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये, तेही गर्दीच्या वर्गांत, इंग्रजी शिकवून बघितलं आणि त्यात व्याकरणाचा धडा असा ठेवलाच नाही. मुलांना नकाशे द्यायचे, वेळापत्रकं द्यायची, हिशोब द्यायचे आणि प्रश्न इंग्रजीत सोडवायला लावायचे. आधी एक कोडं शिक्षकानं सगळ्या वर्गाबरोबर मोठ्यानं सोडवायचं, मग तसंच दुसरं मुलांनी स्वतः. मुलाचं डोकं उत्तर शोधण्यात गुंतलेलं असतं आणि भाषा मागच्या दारानं आत येते, ही त्यामागची कल्पना. याला बंगलोर प्रोजेक्ट म्हणतात आणि जगभरच्या इंग्रजी शिक्षकांच्या अभ्यासक्रमात तो शिकवतात, पण आपल्याकडच्या किती शिक्षकांना तो माहितीये देव जाणे. मी काय करते, एसटीचं एक वेळापत्रक बनवते, खरं नसलं तरी गावं खरी, पिंपळगाव, दिंडोरी, वणी, नांदुरी, आणि प्रश्न असा की आजीला सप्तशृंगी गडावर दर्शन घेऊन अंधार पडायच्या आत घरी यायचंय, तिला उन्हात जास्त वेळ स्टँडवर बसवत नाही, तर तिनं कुठली गाडी पकडावी. पोरं भांडतात अक्षरशः. "नो मॅडम, धिस बस लेट!" म्हणतं एखादं, मी मान डोलावते आणि म्हणते, "येस, धिस बस इज लेट, सो व्हिच बस इज बेटर?" एवढंच. त्याची चूक मी काढली नाही पण बरोबर वाक्य त्याच्या कानावर पडलं, आणि चर्चा थांबली नाही.

वाचनाचं थोडक्यात सांगते कारण त्यावर लिहायला बसले तर दुसरी पोस्ट होईल. मराठी वाचता येणाऱ्या मुलाला एक खात्री असते की क दिसला की क म्हणायचं. इंग्रजीत अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसरा, सी-ए-टी म्हणून कॅट कसं होतं हे त्याला कळतच नाही, आणि अक्षरं २६ असली तरी आवाज ४४ च्या आसपास आहेत. म्हणून आधी आवाज शिकवायचे, एबीसीडीचं गाणं नंतरही येतं. आणि मराठीचा इथे चक्क फायदा आहे, आपल्याकडे ॲ आणि ऑ ही चिन्हं आहेत, त्यामुळे कॅट, कट आणि कॉट हे तीन वेगळे आवाज मराठी मुलाला नुसते ऐकूच येत नाहीत तर लिहूनही दाखवता येतात. बाकी लहान मुलांना इंग्रजी शब्दांखाली मराठी उच्चार लिहून देऊ नये असं माझं मत आहे, कारण मग ती मराठीच वाचतात, इंग्रजी अक्षरांकडे बघतच नाहीत. मोठ्यांचं वेगळं आहे, ते पुढे येतंच.

आता वयाचं. महाराष्ट्रात आधी इंग्रजी पाचवीपासून होतं, २००० सालापासून ते सगळ्या शाळांत पहिलीपासून सुरू झालं, आणि तेव्हापासून सगळ्यांच्या मनात पक्कं बसलंय की जितकं लवकर तितकं चांगलं, आता तर नर्सरीतच पाहिजे. यावर एक जुना अभ्यास आहे, कॅथरीन स्नो आणि मारियन हूफनागेल-ह्योले या दोघींनी नेदरलँड्समध्ये केलेला, १९७८ मध्ये छापून आलेला. इंग्रजी बोलणारी कुटुंबं तिथे राहायला गेली होती आणि सगळ्या वयाची माणसं डच शिकत होती, तर सगळ्यात वेगानं शिकली ती बारा ते पंधरा वर्षांची मुलं, सुरुवातीला मोठी माणसंही पुढे होती, आणि तीन ते पाच वर्षांची पोरं सगळ्यात मागे. लहानांचा फायदा लांब पल्ल्याचा असतो, उच्चार छान बसतात, पण त्यासाठी ती भाषा दिवसभर अवतीभवती असावी लागते. आपल्या झेडपीच्या शाळेत इंग्रजीचा दिवसाला एक तास, तोही निम्मा मराठीत. तेवढ्यात नर्सरीवाला आणि तिसरीवाला यांच्यात फार फरक पडत नाही. म्हणून आईवडील मला विचारतात ना, मराठी शाळेत घालून आम्ही पोराचं नुकसान केलं का, तर मी ठामपणे सांगते की नाही. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स कित्येक वर्षं हेच मांडत आलेत की एका भाषेत वाचायला, विचार करायला शिकलेलं मूल ते कौशल्य दुसऱ्या भाषेत घेऊन जातं. आणि त्यांनी अजून एक सांगितलंय जे प्रत्येक पालकाला माहिती पाहिजे, बोलण्यापुरती नवी भाषा दोनेक वर्षांत येते पण अभ्यासाची भाषा, म्हणजे विज्ञानाचं पुस्तक समजून घेण्याइतकी, ती यायला पाच ते सात वर्षं लागतात. तेही जिथे बाहेर सगळीकडे ती भाषा बोलतात तिथे. तुमचं मूल फाडफाड "मम्मी आय वाँट चॉकलेट" म्हणतंय म्हणून त्याला प्रकाशसंश्लेषण इंग्रजीतून समजतंय असं नका धरू, कृपा करून.

आता रात्रीची बॅच. खरं सांगू तर माझा जीव या बॅचमध्ये जास्त आहे.

इथे येतात कोण, तर द्राक्षवाले शेतकरी येतात, त्यांना एक्स्पोर्ट करायचाय, पॅकहाऊसमध्ये काम करणाऱ्या मुली येतात, मेडिकल दुकानातला एक दादा आहे, अंगणवाडीतल्या ताई आहेत, आणि एक आजी आहेत ज्यांचा नातू परदेशात आहे आणि व्हिडिओ कॉलवर तो काय बोलतो ते त्यांना समजत नाही. कुणाला काय पाहिजे हे इतकं वेगळं असतं की एकच पुस्तक घेऊन सगळ्यांना शिकवणं म्हणजे कुणालाच न शिकवणं. आजींना "व्हॉट डिड यू ईट", "शो मी युवर ड्रॉइंग", "हू इज युवर फ्रेंड" अशी पंधरा-वीस वाक्यं हवी असतात आणि उत्तरं ऐकायचा सराव. (आणि त्यांना मी हेही सांगते की आजी, नातवाशी मराठी सोडू नका, तुमच्याशिवाय त्याला ती कोण देणार.) द्राक्षवाल्या काकांना रेसिड्यूचा, म्हणजे फळात औषधाचा अंश किती उरला त्याचा रिपोर्ट वाचायचा असतो, औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचायचं असतं, एक्स्पोर्टरच्या माणसानं व्हॉट्सॲपवर टाकलेला मेसेज कुणाला न विचारता समजायला हवा असतो.

आणि या बॅचचं वेळापत्रक बागेवर चालतं. पावसाळ्यात वर्ग भरलेला, ऑक्टोबरच्या छाटणीला माणसं पातळ होतात, मग डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं), आणि फेब्रुवारी-मार्चला माल निघायला लागला की कुणी फिरकत नाही, फिरकायचं तरी कसं. म्हणून मी त्यांना वर्गाला येणं बंद होण्याआधीच ऑडिओ रेकॉर्ड करून देते, ट्रॅक्टरवर, गाडीत, ऐकत राहा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं १८८५ मध्येच दाखवून दिलं की शिकलेलं पहिल्या एकदोन दिवसांतच सगळ्यात जास्त विसरतं, आणि अंतरानं उजळणी केली की टिकतं. तेच शब्द दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं. रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा रोज दहा मिनिटं.

पहिल्या दिवशी मी मोठ्यांना काहीच शिकवत नाही, फक्त विचारते की तुम्हाला इंग्रजी किती शब्द येतात. सगळे म्हणतात काहीच नाही ताई. मग मी फळ्यावर त्यांच्याच तोंडचं लिहायला लागते, कंटेनर, कोल्ड स्टोरेज, पॅकहाऊस, स्प्रे, पंप, ड्रिप, व्हॉल्व्ह, सॅम्पल, रिपोर्ट, रिजेक्ट, रेट, पेमेंट, ॲडव्हान्स, लोन, हप्ता नाही हां हप्ता मराठीच (हसतात सगळे), ट्रान्सपोर्ट, लायसन, इन्शुरन्स. फळा भरून जातो. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रजी शिक्षक होते, त्यांनी आधी ढाक्याला बंगाली मुलांना शिकवलं आणि पुढे १९५३ मध्ये इंग्रजीतल्या सगळ्यात कामाच्या साधारण २,००० शब्दांची यादी छापली, तेवढ्या शब्दांवर रोजच्या वापरातलं बहुतेक सगळं इंग्रजी निभतं. मी म्हणते की काका या फळ्यावरचेच किती निघाले बघा, शून्यापासून सुरुवात नाहीये. माणूस खुर्चीत सरळ होऊन बसतो तेव्हा.

मग येतं मराठी. मोठ्यांना शिकवताना मराठी हे सगळ्यात मोठं हत्यार आहे आणि कित्येक क्लासवाले दारावर पाटी लावतात की आत मराठी बोलायचं नाही. का? जी गोष्ट मराठीत पाच मिनिटांत समजते ती इंग्रजीत समजावायला महिना का घालवायचा?

वाक्यातला क्रम बघा, मराठीत क्रियापद शेवटी, "मी उद्या नाशिकला माल पाठवतो", इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून लगेच येतं. मी सांगते की आधी कोण, मग काय करतो, मग काय, मग कुठे, मग कधी. आय, सेंड, द गुड्स, टू नाशिक, टुमॉरो. काही दिवस सगळ्यांनी हाताच्या पाच बोटांवर वाक्य मोजायचं. मग "मला"ची वाक्यं. मराठीत मला आवडतं, मला पाहिजे, मला आठवतं, मला जमतं, मला भूक लागली, मला ताप आला, मला दोन मुली आहेत. इंग्रजीत या प्रत्येक "मला"चा "आय" होतो आणि हे कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून माणूस "मी" कुठे टाकू "टू मी" कुठे टाकू म्हणत अडकतो. एक आठवडा फक्त "मला"ची वाक्यं केली की बोलण्यातली निम्मी अडचण जाते, हे मी अनुभवानं सांगते.

आणि काही ठिकाणी तर इंग्रजी मराठीपेक्षा सोपं आहे हे ऐकून लोकांना विश्वास बसत नाही. मी कांदा विकला, मी द्राक्षं विकली, मी ट्रॅक्टर विकला, मी जमीन विकली, मराठीत कशाला विकलं त्यावर क्रियापद बदलतं, इंग्रजीत सगळीकडे "सोल्ड", कांदा असो की जमीन. "जातो" आणि "जातोय" हा फरक आपल्याकडे आहेच, "आय गो" आणि "आय ॲम गोइंग", तो शिकवायला लागतच नाही. "आलो" आणि "आलोय" हासुद्धा आहे, "आय केम" आणि "आय हॅव कम". फक्त एक जागा जपायची, आपण "मी कालच आलोय" म्हणतो ते चालतं, इंग्रजीत काल आलं की "हॅव" जातं. बारा टेन्सचा तो तक्ता ज्याला जन्मभर समजला नाही त्याला स्वतःच्या मराठीतून तो अर्ध्या तासात उलगडतो, आणि म्हणूनच माझं म्हणणं आहे की व्याकरण मोठ्यांना द्या, ते त्यांचं आहे. ए, ॲन, द मात्र मराठीत नाहीच, त्यावर असा सोपा उपाय नाही, ते ऐकून ऐकून वर्षांनी बसतं, त्यासाठी कुणाला बोलताना थांबवू नये.

मोठ्यांना मी देवनागरीत उच्चार लिहू देते. त्यांना रात्री साडेनऊला घरी जाऊन, शेतातलं सगळं करून, पुढच्या दिवशी तो शब्द कसा होता हे आठवायचं असतं, तिथे तत्त्वं कसली घेऊन बसायची. पण एक सांगून ठेवते की देवनागरीत तीन-चार आवाज लपतात. आपल्याकडे व एकच आहे, इंग्रजीत दोन आहेत, आणि आमच्या भागात तर याचा थेट संबंध येतो कारण द्राक्षाची वेल आणि द्राक्षाची दारू हे दोन्ही शब्द आपण "वाईन"च म्हणतो. वेलीच्या वेळी वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, दारूच्या वेळी ओठांचा चंबू करायचा. एकदा आरशात बघून केलं की जमतं. तसंच ऱ्हस्व-दीर्घ, आपण लिहिताना पाळतो पण बोलताना त्यावर अर्थ अवलंबून नसतो, इंग्रजीत शिप म्हणजे जहाज आणि शीप म्हणजे मेंढी, त्यामुळे "माय शिपमेंट" म्हणताना लांबवायचं नाही. आणि आघात. मराठीत सगळी अक्षरं जवळपास सारख्या जोरानं म्हणतो, इंग्रजीत शब्दात एका जागी जोर देतात आणि बाकीचं गिळतात, त्यामुळे शब्द ओळखीचा असूनही परदेशी माणसाच्या तोंडून आला की कळत नाही. यासाठी फोनचा कीबोर्ड फार कामाचा, माइकचं बटण दाबून इंग्रजी बोला आणि तो काय टाइप करतो ते बघा, शेजाऱ्यासमोर लाज वाटते त्यांना हा सराव खूप आवडतो. बाकी साहेबासारखा ॲक्सेंट वगैरे काही लागत नाही, समोरच्याला समजलं म्हणजे झालं.

लाज हा विषय मात्र छोटा नाहीये. मोठा माणूस इंग्रजी शिकत नाही त्याचं कारण बुद्धी नसतेच, लाज असते. गावात सगळे ओळखीचे, सून आणि सासू एकाच वर्गात, मुलाच्या मित्रासमोर बापाला "ही गो" म्हणायचं, कसं जमेल. मी कुणालाही एकट्याला उभं करत नाही, दोघादोघांच्या जोड्या, त्याही नात्यातल्या नाहीत. बोलताना मध्ये चूक काढायची नाही, माझ्याकडून नाही आणि इतरांकडून तर नाहीच. स्टीफन क्रॅशेन हे अमेरिकेतले अभ्यासक म्हणतात की मनात भीती असेल तर कानावर पडलेली भाषा आत पोचतच नाही, आणि हे रोज डोळ्यांसमोर दिसतं. एक ताई कित्येक आठवडे फक्त ऐकत होत्या, वहीत लिहीत होत्या, एके रात्री जोडीदारीण आली नव्हती म्हणून माझ्याशी बोलायला लागल्या आणि थांबल्याच नाहीत, चुकत होत्या, पण मला सगळं समजत होतं. दिवसभर राबून रात्री शिकायला येणारी माणसं बघितली की मला फुल्यांची आठवण होते, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती, आणि त्याच्या आदल्याच वर्षी छापलेल्या आपल्या कवितांमध्ये सावित्रीबाईंनी इंग्रजी शिका असं स्पष्ट सांगितलं होतं. इतकी जुनी गोष्ट आहे ही आपल्याकडची.

शेवटी सगळ्यांचा एक प्रश्न असतो, किती दिवसांत येईल? कारण बाहेर बोर्ड असतात, ९० दिवसांत फाडफाड इंग्रजी. मी त्यांना खरं गणित सांगते. युरोपात भाषेच्या पातळ्या ठरवल्यात, ए वनपासून सी टूपर्यंत, आणि केंब्रिजच्या परीक्षावाल्यांचा अंदाज असा की रोजच्या साध्या कामापुरतं, म्हणजे ए टू, यायला शिकवणीचे १८० ते २०० तास लागतात, बाहेरच्या माणसाशी नीट संभाषण करता यायला, म्हणजे बी वन, ३५० ते ४०० तास, आणि त्याच्या पुढची बी टू ५०० ते ६०० तास. रोज एक तास धरला तर ९० दिवसांत होतात ९० तास, म्हणजे ए टूच्याही निम्मेच. छाटणी, माल, लग्नसराई, सुट्ट्या धरून दीड-दोन वर्षं लागतील आणि त्यातलं निम्मं ऐकणं तुम्हाला घरी, गाडीत करावं लागेल, हे मी पहिल्याच दिवशी सांगते, फी घ्यायच्या आधी. काहीजण ऐकून उठून जातात. जे राहतात त्यांना मी विचारते की तुम्हाला इंग्रजीत सगळ्यात आधी कुणाशी आणि काय बोलायचंय, ते मराठीत एका कागदावर लिहून द्या, आणि दुसऱ्या दिवशीचा धडा त्या कागदांवरून ठरतो.